श्रावणचं पहाडी कुत्रं

भागिरथाबाई सकाळी चूल पेटवायची, पाणी भरायची आणि मग कुत्र्याला घेऊन बसायची. सगळ्यात जास्त वेळ कुत्र्याला लागायचा.

ती दारात पाय पसरून बसली की कुत्रं येऊन तिच्या मांडीवर मान टाकायचं. नुसती मान टाकली तरी बाई अर्धी झाकून जायची. मग लाकडी फणी घेऊन ती पाठीपासून सुरुवात करायची. केसांतून गोखरू निघायचे, कुसळं निघायची, बाभळीचे काटे निघायचे. एकदा जिवंत सरडा निघाला. तो आपला इकडेतिकडे पाहून निघून गेला.

"माह्या लग्नातबी मी माहे केस इतके नाई विंचरले," ती म्हणायची.

"तुहे होते कुठं इतके?" देवमन म्हणायचा आणि कामाला निघायचा. तो पंजाबरावांच्या वावरात सालदार होता.

कुत्रं त्यांच्या श्रावणनं आणलेलं. श्रावण फौजेत, त्याची पलटण तिकडं हिमाचलच्या पहाडात. दुष्काळ सरल्यावर तो दिवाळीच्या सुट्टीत आला. जऊळक्याच्या टेसनावर उतरला तेव्हा त्याच्या कोटाचं पोट फुगलेलं होतं आणि त्यातून एक काळं नाक बाहेर निघालेलं होतं. तिथल्या एका मेंढपाळानं त्याला ते पिल्लू दिलं होतं. नाव भालू.

जाताना श्रावणनं मायला बजावलं, "माय, याचे केस कापजो नोको. केस हायेत म्हनून थंडीबी लागत नाई आन् ऊनबी लागत नाई. फक्त रोज फणी फिरवजो. गुता झाला का आतून सडते."

"आन् तुले कोन फणी फिरवते तिकडं?" माय म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून ती फणीचं बोलत होती.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत भालू वासराएवढा झाला. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी ताकात कुस्करून खायचा. देवमन भालूच्या पितळीतल्या भाकरीकडे बघायचा, मग स्वतःच्या ताटातल्या भाकरीकडे बघायचा आणि जेवायला लागायचा. गोचीड होऊ नयेत म्हणून भागिरथाबाई भालूच्या अंगाला करंजाचं तेल चोळायची. दुपारी रांजणाखालच्या ओलीत त्याची जागा होती. तिथं दुसरं कोणी बसत नसे.

त्याची जात मेंढरं राखायची आणि आमच्या वस्तीत एकही मेंढरू नव्हतं. मग जे होतं ते तो राखायचा. कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा करायचा. बाया सरपणाला निघाल्या की मागं राहिलेलीला खांद्यानं ढकलून पुढच्यांत नेऊन सोडायचा. चावायचा नाही, भुंकायचाही नाही. शेजारचा ग्यानबा सकाळी टमरेल घेऊन निघाला की भालू त्याला वळवून परत वस्तीत आणायचा. असं दोनदा झाल्यावर ग्यानबा देवमनच्या दारात येऊन उभा राहिला.

"देवमन, याले सांग बाप्पा, मी मेंढरू नोहो."

"मी सांगतो गा. पन त्याले पटलं पाह्यजे."

तेव्हापासून ग्यानबा निघाला की भागिरथाबाई भालूच्या गळ्यात हात टाकून बसायची.

फाल्गुनात पंजाबरावांकडे कामरगावचे पाहुणे आले होते. त्यांनी वावरात भालू पाहिला आणि विचारलं, "हे अस्वल कोनाचं?" देवमनचं, म्हटल्यावर पाहुणे सालदाराकडे वळून वळून पाहायला लागले. पंजाबरावांना ते बरं वाटलं नाही. पाहुणे गेले आणि त्यांनी देवमनला हाक मारली.

"देवमन, ते कुत्रं मले दे."

"मालक, पोराचं हाय ते."

"पोरगं तं पलटनीत हाय. वाड्यावर राह्यलं तं दूधभात खाईन. तुह्या घरी काय खाऊन राह्यलं?"

देवमन परत कामाला लागला. संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. भागिरथाबाईच्या हातातली फणी थांबली.

"तुमी नाई काहून नाई म्हनलं?"

"पाडवा येऊन राह्यला, श्रावनची माय."

सालदाराचं साल पाडव्याला ठरतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं भालूला शेवटचं विंचरलं, फणी पदरात बांधली आणि स्वतः त्याला वाड्यावर घेऊन गेली. पंजाबरावांची बायको दुर्गाबाई दारात उभी होती. भागिरथाबाईनं फणी ओट्यावर ठेवली.

"बाई, रोज फणी फिरवा लागते. कानामांगं गुता होते, तिथं आधी पाहा. दुपारी ओली जागा लागते त्याले. आन् बांधू नोका. त्याले बांधाची सवय नाई."

पंजाबराव आतून म्हणाले, "आता आमाले कुत्रं पाळनं तू शिकवतं काय व?"

पाडव्याला देवमनचं साल ठरलं. भालूला वाड्याच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं साखळीनं बांधलं. तिथं सकाळी सावली असायची, दुपारी नसायची. दूधभात खरोखर मिळत होता. भालू तो खात नव्हता. गावातली कुत्री येऊन खात होती. दुर्गाबाईला त्याची भीती वाटायची, गड्यांना दुसरी कामं होती आणि पंजाबराव काही फणी घेऊन बसणारे नव्हते.

चैत्र तापत गेला. भागिरथाबाई वाड्याच्या रस्त्यानं जायचं टाळायची. एक दिवस धान्य निवडायला बोलावलं म्हणून जावं लागलं. भालू भिंतीला टेकून पडला होता. तिला पाहून त्यानं शेपूट एकदा हलवलं, तेवढंच. अंगावरचे केस वाळलेल्या शेणासारखे चिकटले होते. कानामागं हात घातला तर गुत्याखाली ओलं लागलं. तिनं बोटं नाकाशी नेली.

"बाई, याले किडे पडून राह्यले."

"मले भेव लागते व त्याचं, भागिरथे," दुर्गाबाई म्हणाली.

"भेव लागते तं लागू द्या. सावलीत तं बांधा."

त्या दिवशी भागिरथाबाईनं ज्वारी निवडली, पण अर्धे खडे तसेच राहिले.

दुसऱ्या दुपारी पंजाबराव जेवून झोपले. दुर्गाबाई बराच वेळ दारात उभी राहिली. मग चावलं तर चावलं म्हणून तिनं डोळे मिटले आणि साखळीचा आकडा काढला. डोळे उघडून पाहते तर भालू गोठ्याच्या सावलीत, पाण्याच्या डोणीला टेकून झोपला होता. तो दिवस कलेपर्यंत उठला नाही.

दिवस कलला आणि गुरं चारणारा गायकी पंजाबरावांची जनावरं घेऊन आला. त्यानं मोठी गुरं बांधली. शेळ्या आणि वासरं अंगणात मोकळी होती. भालू उठला, अंग झाडलं आणि त्यांच्या मागून गेला. किती दिवसांनी त्याच्यापुढं राखायसारखं काही आलं होतं.

आम्ही वस्तीत दारादारांत बसलो होतो. गावाकडून धूळ उठलेली दिसली. पुढं शेळ्या, मध्ये वासरं, मागं भालू. गडबड नाही, धावपळ नाही. सगळा कळप त्यानं देवमनच्या अंगणात आणून उभा केला आणि काट्यांच्या कुपाटीच्या तोंडाशी आडवा पडला.

"देवमन, तुह्या घरी लक्षुमी आली गा," ग्यानबा म्हणाला. देवमनचं तोंड पांढरं पडलं होतं.

भागिरथाबाईनं कातर घेतली. किडे मारायला ग्यानबाला सीताफळाचा पाला वाटायला लावलं. ती भालूजवळ बसली आणि कानामागचा गुता कापायला लागली. सगळे केस नाही, तेवढाच गुता.

पंजाबराव आले ते पायी, ढेकळांतून, काठी घेऊन. सदरा पाठीला चिकटलेला. वस्तीत ते कधी आले नव्हते. देवमनला हाक मारायची तर ते वेशीतूनच मारायचे.

"देवमन! जनावरं काहून हाकलून आनले?"

"मी नाई आनले, मालक. त्यानंच आनले."

पंजाबराव भालूला ओलांडून अंगणात आले. एका वासराचा कान धरून बाहेर न्यायला लागले तर भालूनं उठून वासराला परत आत लोटलं. पंजाबराव एकटेच निघाले, तर त्यांनाही खांदा लावून आत लोटलं. चावला नाही. त्यांनी काठी उचलली.

"मालक, मारू नोका," भागिरथाबाई म्हणाली. "जखम धुवाची हाय. धुनं झालं का मी त्याले धरतो, मंग तुमी जा. बसा तवरक."

बाजेवर बसण्यावाचून इलाज नव्हता. पंजाबराव बसले. भागिरथाबाईनं घाई केली नाही. तिनं एकेक किडा काढला, पाला पिळला, पुन्हा पाहिलं, पुन्हा काढला. भालू कण्हत होता पण हलत नव्हता. ऊन उतरत होतं आणि जमिनीतून वाफ निघत होती. पंजाबरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग गळा पुसला. मग ओठांवरून जीभ फिरवली. थोड्या वेळानं खाली पाहून म्हणाले, "पानी हाय काय?"

कुपाटीशी उभ्या बाया जवळ सरकल्या.

भागिरथाबाईनं हात धुतले. "हाय. पन आमच्या हिरीचं हाय."

गावची विहीर वेगळी आणि आमची वेगळी. हे वाड्यातल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही.

"पानी हाय ना?" पंजाबराव म्हणाले.

तिनं रांजणातून लोटा भरून दिला. त्यांनी तो वरून न ओतता ओठांना लावला आणि संपवला. मग लोटा पुढं केला. तिनं पुन्हा भरला, तोही संपवला. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो आणि सगळ्यांना दिसत होतं.

जखम धुऊन झाली. भागिरथाबाईनं भालूच्या गळ्यात हात टाकला. पंजाबराव उठले.

"राहू दे त्याले इथंच," ते म्हणाले. "वाड्यात लय केस गळतेत."

साल पाडव्यालाच ठरलं होतं, ते मधे मोडता येत नव्हतं. तरी देवमन दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधीच वावरात जाऊन उभा राहिला. पंजाबरावांनी त्याला काम सांगितलं. कुत्र्याचं नाव काढलं नाही.

चार दिवसांनी दुर्गाबाई फणी परत द्यायला आली. गडी पाठवता आला असता, पण स्वतः आली. भालूची जखम सुकत होती. ती लांबून पाहत उभी राहिली, मग थोडी जवळ आली आणि एका बोटानं त्याच्या पाठीला शिवली.

"भागिरथे," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या रोजी घरी येऊन आंघोळ केली त्याइनं. डोक्यावरून."

भागिरथाबाईनं फणी घेतली आणि विंचरायला लागली.

"केली तं केली, बाई," ती म्हणाली. "दोन लोटे तं पोटात गेलते."

दुर्गाबाईनं पदर तोंडाशी धरला. भागिरथाबाईनं भालूच्या ढुंगणावर थाप मारून त्याला दुसऱ्या कुशीवर वळायला लावलं आणि तिला बसायला जागा सरकवून दिली.