वीस मिनिटं उकळलेलं पाणी

तिसऱ्यांदाही नळीतलं पाणी गडद गुलाबीच झालं. मी ती खिडकीपाशी नेली, पांढऱ्या कागदासमोर धरली. जणू उजेड बदलला की पाणीही आपलं म्हणणं बदलेल.

"बहिणीची विहीर आहे म्हणून रंग लाजणार आहे का?" प्रयोगशाळेच्या मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "बाळ केवढं आहे रे तिचं?"

"दोन महिन्यांचं. वरच्या दुधावर आहे, पाण्यात कालवायच्या पावडरच्या."

इतका गडद गुलाबी म्हणजे नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट होतं. शेतातलं खत झिरपत विहिरीत उतरतं. त्याला वास नाही, चव नाही. मोठ्यांना सहसा जाणवतही नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र त्याने प्राणवायू वाहता येत नाही, आणि बाळ निळसर पडू लागतं. हे मला पाठ होतं. आठ दिवसांपूर्वी याच पाण्यात थोडे जंतू सापडले, तेव्हाही पाठ होतं. नायट्रेटचं रसायन संपल्यामुळे ती तपासणी रखडली होती. पण ताईने फोनवर विचारलं, आणि कुणीतरी माझं मत मागितल्याच्या सुखात मी सांगून बसलो, "चांगलं वीस मिनिटं उकळ, मग काही भीती नाही."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते अधिकच दाट होतं.

ताईचा फोन नुसता वाजत राहिला. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करते. मी स्कूटर काढली. अर्ध्या तासाच्या त्या रस्त्यावर जे जे निळं दिसलं, कुणाचं दार, दोरीवर वाळणारा शर्ट, त्याच्याकडे मला पाहवेना.

ताई दारातच बसली होती. मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडात बाटली.

"आज दुपारचाच उगवलास?" ती हसली. "वीस कसली, मी अर्धा तास उकळते. सासूबाई म्हणतात, या घरात पाण्याचासुद्धा काढा होतो."

"ताई, बाटली काढ."

"अरे, पिऊ दे की त्याला."

"आधी काढ."

मी तो इवलासा हात उन्हात धरला. नखं राखाडी दिसली. शेजारी माझं बोट ठेवून पाहिलं, तरीही राखाडीच.

"गारठ्याने असेल," सासूबाई आतून येत म्हणाल्या. अंगणात ऊन रणरणत होतं. त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं, कारण दुपटं त्यांनीच पुढे केलं.

दवाखान्यात ताईने उकळलेल्या पाण्याचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बाळाच्या पायाला प्राणवायू मोजणारा छोटा चिमटा लावला, टाचेतून रक्त घेतलं. काळसर, चॉकलेटसारखं. मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो.

"आज आणलंत ते बरं केलंत," ते शेवटी म्हणाले. "इंजेक्शन देतोय. दोन दिवस इथेच राहू दे. पाणी कुणी उकळायला सांगितलं होतं?"

ताई बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. "मी," मी म्हणालो.

संध्याकाळी बाळाच्या ओठांवर हलका गुलाबी रंग परतू लागला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली आणून ताईपुढे धरली. तिने ती घेतली, फिरवून पाहिली.

"हे कुणी तपासलंय?"

तिच्या स्वरात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी लेबल वाचू लागलो.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. बाटली खाटेखाली सरकवून तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दुधाला कोणतं पाणी घ्यायचं ते विचारायला नर्सबाईंना हाक मारली.