उद्याकाकांची देणी

त्या शिंप्याला सगळी गल्ली उद्याकाका म्हणायची. कपडे मागायला कुणीही गेलं की त्यांच्या तोंडून एकच उत्तर निघायचं, "उद्या या." हात कसबी, पण व्यवहारात काका अगदीच भोळे. कर्ज काढून मोठं दुकान थाटलं, ते वर्षभरात बसलं आणि काका गळ्यापर्यंत बुडाले. शेवटी वकील पुतणीने त्यांना दिवाळखोरीचा अर्ज भरायला बसवलं.

"काका, फेडणं शक्य नाही ते कोर्ट माफ करेल. पण सगळी देणी लिहायची हं. एक जरी लपवलंत तर अर्ज फेटाळतील."

"आणि माझं मशीन?" काकांना धास्ती होती ती एवढीच.

"पोटापाण्याचं हत्यार काढून घेत नाहीत. फक्त त्यावर तुमचं काम चालतंय हे दिसलं पाहिजे."

काकांनी बँकेचं देणं लिहिलं, फायनान्स कंपनीचं लिहिलं, कापडवाल्याचं लिहिलं. मग पेन तोंडात धरून बराच विचार केला. शपथेवर खोटं कशाला बोला? त्यांनी नवं पान घेतलं. शाळेच्या बाईंना, एक ब्लाउज. न्हाव्याला, दोन पँटी. पोस्टमनला, एक सदरा. अशी चौदा देणी झाली, आणि पुतणीने घाईघाईत ते पान न वाचताच जोडून टाकलं.

नियमाप्रमाणे यादीतल्या प्रत्येकाला नोटीस गेली. सुनावणीच्या दिवशी काका पाहतात तो काय, चौदाच्या चौदा जण हजर! या लोकांची नजर चुकवत त्यांनी कितीतरी दिवस लांबच्या रस्त्याने ये-जा केली होती. पुतणीने कपाळावर हात मारून घेतला.

"यांचं दुकान चार महिने बंद आहे," फायनान्सवाला म्हणाला. "मशीन नुसतं घरात पडून आहे. ते विकून आमचे पैसे द्या."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी काकांकडे चष्म्यावरून पाहिलं. "काम चालू आहे का तुमचं?"

काका खिशातली टेप चाचपू लागले. तेवढ्यात न्हावी ताडकन उठला.

"चालू नसायला काय झालं? माझ्या पँटी यांच्याकडे आहेत! मशीन गेलं तर मी काय टॉवेल गुंडाळून फिरू?"

"मला पैसे नकोत, ब्लाउज हवाय," शाळेच्या बाई म्हणाल्या. "यांच्यासारखा गळा दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून तर दोन वर्षं थांबलेय."

एका आईने लेकीला पुढे केलं. "हिच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक होता. आता ही चौथ्यात आहे. माप परत घ्यावं लागेल, पण शिवायचा यांच्याकडूनच."

अधिकारीबाईंना हसू आवरेना. "चौदा गिऱ्हाइकं ताटकळलीत, म्हणजे काम चालूच आहे. मशीन यांच्याकडेच राहील आणि कर्जमाफीचा आदेश निघेल." मग त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ही देणी मात्र माफ होणार नाहीत!"

"फेडतो, बाईसाहेब," काका म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आदेशाची प्रत मागायला ते खिडकीशी गेले. कारकून मान वर न करता म्हणाला, "उद्या या."

सगळा हॉल खो खो हसला. काका तर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग खिशातली टेप काढून ते त्या मुलीपुढे गुडघ्यावर बसले.

"ताठ उभी राहा बघू."

"फ्रॉक कधी देणार?" मुलीने विचारलं.

काकांच्या ओठांवर सवयीने 'उ' आला. त्यांनी तो गिळला.

"संध्याकाळी ये," ते म्हणाले.