फळ्यावरची बंदूक

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला शंकाच आहे. फळ्यावर नेहमी दुसऱ्यांनीच लिहायचे असते. स्वतःचे काही सांगायची मला सवय नाही.

साताऱ्यातल्या एका सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून बनवले. एका शाळेत मी बरीच वर्षे पाढे आणि सुविचार अंगावर वागवले. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला टेम्पोत घालून कडेगावच्या एका वाचनालयात पाठवले गेले.

तिथे मला कृष्णातआण्णा भेटले. ते फौजेत बिनतारी संदेशांच्या कामावर होते. दर रविवारी ते माझ्यावर चौकटी आखत आणि शेजारी गूढ शब्दकोड्याच्या सूचना लिहीत. आठवडाभर येणारे-जाणारे खडू उचलून उत्तरे भरत. ती कोडी सरळ नसत. ‘उलटी वाहणारी नदी गरीब असते’ अशी एक सूचना होती. लोक भूगोल आठवत बसले. नदी हा शब्द उलटा वाचला की दीन होतो, हे उमगल्यावर मोठी माणसे पोरांसारखी हसली. एखाद्या सूचनेत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर तेवढे उचलायचे असे. एखाद्या ठिकाणी नुसते चित्रच असे.

आण्णांचे नियम दोनच होते. कोडे घालणाऱ्याने आठवडाभर तोंड उघडायचे नाही. आणि चुकीचे अक्षर ज्याला खटकेल, त्याने ते पुसून बरोबर लिहायचे. त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडत होते.

गेल्या वर्षी ऋषिराज वाचनालयाचा सचिव झाला. तो म्हणाला, “आण्णा, पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येत्यात. त्यांना फळा पायजे. तुमची ही वाकडी कोडी आता कोण सोडवतंय?”

आण्णांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “ह्या आठवड्याचं सुटलं, तर फळा माझा. न्हाई सुटलं, तर तुझा. मग मी कोडी घालायची बंद करतो.”

त्या कोड्यात एक आडवी सूचना होती : ‘हा नाका वडगावचा. यातले काढून खांद्यावर घे.’ घरे तीन. तिच्या मधल्या घरावर संपणारा एक उभा शब्द होता. त्याचीही घरे तीन, पण त्याच्या सूचनेच्या जागी काहीच लिहिलेले नव्हते. जागा कोरी होती.

सोमवारी भाऊसो सुभेदार आले. गावात त्यांचा मोठा मान. त्यांनी ‘खांद्यावर’ एवढेच वाचले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले : बंदूक.

“लय झ्याक!” रोज पेपर वाचायला येणारा बाळासो म्हणाला. “फौजी माणसाच्या खांद्यावर दुसरं काय असणार!”

“गड्या, जन्मभर वागवलीया ती,” सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

इतर घरे भरत गेली. पण ‘दू’ने संपणारा तो उभा शब्द कुणालाच सापडेना.

बुधवारी अंजनाताई पुस्तक बदलायला आल्या. कोडी सोडवण्यात त्यांचा हात धरणारे गावात कुणी नव्हते. त्यांनी सूचना वाचली, ओठ हलले आणि त्यांनी डस्टर उचलले. मला वाटले, मी वाचलो. इतक्यात खिडकीजवळच्या खुर्चीत सुभेदार खोकले. ते त्यांचे चुलत सासरे. ताईंनी पदर सावरला आणि डस्टर खाली ठेवले.

दाराशी त्यांनी बाळासोला गाठले. “भाऊजी, ती बंदूक न्हाई, कावड हाय. नाक्यातला ‘का’ आणि वडगावातलं ‘वड’. मग मधलं अक्षर ‘व’ होतंय. आणि कोरी सूचना म्हंजे अभाव. तुमी पुसा की.”

“आवं वहिनी, माझ्या जिवावर उठला व्हय? सुभेदारांचं अक्षर मी पुसू?”

“मग आण्णांचा फळा जाईल.”

“बघू की, अजून रविवार लांब हाय,” म्हणत तो सटकला. पुढच्या तीन दिवसांत सुभेदार सोडून बहुतेकांच्या कानावर ते उत्तर गेले, पण पुसायला कुणी पुढे आले नाही.

रविवारी सगळे जमले. आण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ह्यातलं कुणाला काय खटकलं न्हाई?”

“खटकायचंय काय?” सुभेदार म्हणाले. “आमचं सगळं जमलंय. तुमची ती कोरी सूचनाच चुकलीया.”

बाळासो नखे पाहू लागला. अंजनाताई जमिनीकडे पाहत राहिल्या. आण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. खोलीत अर्ध्याहून जास्त लोकांना उत्तर कळलेले होते, हे त्यांनाही कळले असावे.

“मग माझंच चुकलं असंल,” ते म्हणाले. त्यांनी मला स्वच्छ पुसले आणि डस्टर ऋषिराजच्या हातात दिले.

आता माझ्यावर अभ्यासिकेचे नियम ऑइल पेंटने रंगवले आहेत. ते पुसता येत नाहीत. पावसाच्या ओलीने माझी खालची फळी फुगली आहे, तिकडे कुणी पाहत नाही.

दिवाळीनंतर एकदा बाळासोने भीत भीत सुभेदारांना खरे सांगितले. सुभेदार ताडकन उठले. “आरं मग पुसायचं की! मी काय गोळी घातली असती? एवढ्यासाठी त्या माणसाचं कोडं मारलंत व्हय रं?” ते तसेच आण्णांच्या घरी गेले. पण आण्णांनी विषयच काढू दिला नाही. पुन्हा आण्णा वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

मित्रांनो, फळा असेल तर तो ओलीपासून जपा, कोरड्या फडक्याने पुसा. पण त्याहून एक गोष्ट सांभाळा. थोरांना वाकून नमस्कार करा, बसायला खुर्ची द्या, आणि त्यांचे अक्षर चुकले असेल तर त्यांच्यासमोर पुसा. माझ्यावरचे सगळे खडूचेच होते. एका हाताने गेले असते. तो हात कुणी उचलला नाही, आणि त्यालाच सगळे मान राखणे म्हणतात.