उलंगवाडीचं शेवटचं गाणं

मी एक अल्बम बोलतोय. फोटोंचा नव्हे, गाण्यांचा. 'बोलतोय' हेही जरा जास्तच झालं, कारण माझ्यातली निम्मी गाणी ओरडलेली आहेत. 'पऱ्हाटी', म्हणजे कापसाचं झाड, अशा नावाच्या बँडचा मी शेवटचा अल्बम. पोस्ट-हार्डकोर पंक म्हणतात या संगीताला. रागात सुरू व्हायचं, घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि ओरडता ओरडता रडण्यापाशी पोचायचं.

माझं नाव उलंगवाडी. कापसाची शेवटची वेचणी होऊन शेत मोकळं झालं, की आमच्याकडे म्हणतात, उलंगवाडी झाली.

माझे दोन थोरले भाऊ, म्हणजे बँडचे आधीचे दोन अल्बम, भारी तापट होते. कॉलेजवर, बापावर, मे महिन्यातल्या उन्हावर, सगळ्यांवर ओरडायचे. मी समजूतदार निघालो, असं ऐकणारे लिहितात. समजूतदार म्हणजे कोण, तर पंगतीत शेवटी बसणारा.

जन्म माझा घाटंजीजवळच्या एका गावात, ड्रम वाजवणाऱ्या रजतच्या घरी, कापसाच्या खोलीत. त्याचे वडील किसनराव भाव चढायची वाट बघत होते, म्हणून खोली आढ्यापर्यंत भरलेली. आवाज कापसात असा मुरायचा की स्टुडिओनं हेवा करावा. पोरांनी कापूस उकरून मधे जागा केली. तिथे रजतचे ड्रम, सलीलची गिटार, आणि माइकपुढे मंजुषा.

पहिल्याच दिवशी किसनराव धावत आले.

"मले वाटलं, पोरीले इचू चावला!"

"बाबा, ते गाणं होय."

"मंग चावला असता तं काय म्हणली असती?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते नुसते दाराशी येऊन हुंगून जायचे, कुठे वायर तर जळत नाही ना म्हणून.

मंजुषाची गुंजन तेव्हा तान्ही होती. कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून पोर बाहेर छपरीत, रजतच्या आईजवळ. गाणं झालं की मंजुषा हात घासून धुवायची, कुर्ता बदलायची, मगच तिला घ्यायची.

"रडली का हो विमलकाकू?"

"नाई वं माय. आत तूच बोंबलून राह्यली."

मंजुषाला हे खरं वाटायचं नाही. कापसामुळे आत बाहेरचं काहीच ऐकू यायचं नाही, आणि तिला नेमकं तेच सोसायचं नाही. माझ्यातली बरीचशी किंकाळी रागाची नाहीच. दाराकडे कान लावून बसलेल्या आईची आहे.

एक गाणं उरलं आणि भाव चढला.

"बाबा, दोन दिवस थांबा ना," रजत म्हणाला.

"भाव काय तुमच्या गाण्यासाठी थांबते काय रे?"

सकाळी गाडी आली, कापूस जिनिंगला गेला. दुसऱ्या दिवशी सलील नोकरीसाठी पुण्याला जाणार होता. म्हणजे उरलेलं गाणं आजच. उघड्या भिंतींवरून प्रत्येक ठोका परत येत होता. शेवटच्या गाण्यात मंजुषानं श्वास भरला, आवाज वर चढवला, आणि छपरीतून गुंजनचं रडणं सरळ आत आलं. शब्द मधेच तुटला. कानांवरचे हेडफोन काढून मंजुषा पळाली.

सलील मात्र वाजवत राहिला. ती पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली तेव्हा माइक चालूच होता.

"उगी माय, उगी. आली ना मी. इथंच होते ना मी."

ती थोपटत राहिली. सलीलची गिटार हळू झाली. रजतनं काड्या खाली ठेवल्या आणि त्याच थोपटण्याच्या तालात ड्रमवर तळहात ठेवत गेला. तसंच ते गाणं संपलं.

"माझ्यामुळे बिघडलं," मंजुषा म्हणाली. "पुन्हा घेऊ." पण गुंजन काही केल्या खांद्यावरून उतरेना.

दुसऱ्या दिवशी सलील गेला. रजत शेतीला लागला. मी जसा होतो तसाच नेटवर चढलो. कोण कुठली माणसं मला ऐकतात. माझा शेवट मुद्दाम केलाय असं समजतात आणि वाखाणतात. पण जिनं मला ओरडून जन्म दिला, ती पूर्ण ऐकत नव्हती. यवतमाळच्या तिच्या स्वयंपाकघरात मला लावायची, आणि शेवटच्या गाण्यात तो शब्द तुटायच्या आधीच बोट यायचं. बंद. स्वतःवर शंका घ्यायचा स्वभाव माझ्यात तिचाच आला आहे. मलाही वाटू लागलं, की आपण बिघडलेलेच आहोत.

परवा मी शेवटच्या गाण्यावर आलो, तेव्हा तिचे हात कणकेत होते आणि फोन गुंजननं पळवला. आता ती चांगली तुरुतुरु चालते.

"गुंजन, दे इकडे! बंद कर ते!"

गुंजननं मला कानाला लावलं. शब्द तुटला. रडणं आलं.

"आई, बाळ लडते."

"तू आहेस ती."

मग 'उगी माय, उगी' आलं.

"अन ही कोन?"

मंजुषा कणकेच्या हातांनीच खाली बसली.

"मी," ती म्हणाली. "आलते ना मी."

शेवटपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मग मंजुषानं कणकेच्याच बोटांनी सलीलला लिहिलं, "शेवटचं आज पूर्ण ऐकलं. बिघडलं नव्हतं रे." रजतला फोन लावला, तो फवारणीत होता, उचलला नाही. सलीलचं उत्तर अजून आलेलं नाही. काचेवरची कणीक वाळून गेली, फोन काळा झाला, आणि मी पुन्हा एकटा.

एवढंच मागतो. मला लावलंत, तर थोपटणं थांबलं म्हणून लगेच बंद करू नका. त्यानंतर थोडा वेळ नुसती ती रिकामी खोली ऐकू येते. तिघंही अजून तिथेच आहेत. कुणीच आधी उठत नाहीये.