नकाशात नसलेला बोळ

दोन मिनिटांची वाट पाऊण तासाची झाली तर, सांगा बघू, तुम्ही माणसं काय कराल?

मी एक बोळ बोलतोय. लांबी सत्तर पावलं. रुंदी इतकीच, की समोरून छत्री आली तर एकाने तिरकं व्हायचं.

मला कोणी बांधलं नाही. शिंपीणबाईचं घर आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये थोडी जागा उरली होती. तिची धाकटी बहीण लग्न होऊन पलीकडच्या रस्त्याला राहायला गेली आणि दोघींच्या चपलांनी मला घडवलं. थोरली कपडे शिवायची, धाकटी काजं-बटणं करायची. गाठोडं सकाळी माझ्यातून जायचं, संध्याकाळी परत यायचं.

"ताई, या सदऱ्याची एक बाही लांब आहे गं!"

"गिऱ्हाईकाचा हातच तसा आहे. तू बटणं लाव."

मग बाकीचेही येऊ लागले. पोस्टमन, शाळेची मुलं, भांडून तरातरा निघालेला आणि दहा मिनिटांत परत फिरणारा एक नवरा. सगळ्यांच्या चपलांचा आवाज मला पाठ होता.

एका दुपारी मोजणीवाला आला. "बाई, हा रस्ता आहे का? नकाशात दाखवायचाय."

शिंपीणबाई धसकली. रस्ता म्हटलं की रुंद करणार, मग आपलं स्वयंपाकघर जाणार! "छे हो, रस्ता कसला? आमची घरातली वाट आहे ही." त्याने टेप गुंडाळली. मला 'घरातला' म्हटल्यावर मीही वेडा खूश झालो.

शहर वाढत गेलं. पलीकडे वसाहती झाल्या. त्यांचे रस्ते ऐसपैस, पण फिरून फिरून आपल्याच फाटकाशी येणारे; शेजारच्या रस्त्याची ओळखसुद्धा नाही. शेवटी धाकटीच्या बाजूची मोकळी जागा विकली गेली आणि माझ्या तोंडाशी विटा येऊन पडल्या.

"अहो, आम्ही रोज जातो इथून!" शिंपीणबाई धावत आली.

मुकादमाने नकाशा पसरला. "दाखवा आजी, कुठे आहे वाट?"

तिने चष्मा लावला. बराच वेळ बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मीच नाही म्हटलं होतं."

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा पलीकडे धाकटी उभी होती. "ताई, आता काजं तूच कर."

"माझी काजं? उंदराने कुरतडल्यासारखी होतात."

"मग ये दोन बस बदलून!" धाकटी हसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

तुमच्या दारी कोणी नकाशा घेऊन आलं, तर माझ्यासारख्यांची नावं सांगा हो. लाजू नका, घाबरू नका.

संध्याकाळपर्यंत भिंत पुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई सवयीने गाठोडं घेऊन माझ्यात शिरली, सत्तर पावलं चालली, भिंतीपासून मागे फिरली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.