फांदीत रुतलेला दोर

"भोक पाडायचं नाही म्हणजे नाही! तुझ्या दंडातून कुणी आरपार खिळा घातला तर चालेल का तुला?"

ड्रायव्हर ओरडला. त्याचा मेहुणा, धंद्याने सुतार, ड्रिल घेऊन शिडीवर उभा. खाली ड्रायव्हरची आठ वर्षांची पोरगी, चिमणी, झोक्याची फळी पोटाशी धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"दाजी, ऐका तरी. एकच बोल्ट घालू. तेवढी जखम झाड भरून काढतं. दोर गुंडाळलात तर..."

"तू मेलेल्या लाकडाचा माणूस. हे जिवंत आहे. उतर खाली!"

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, आणि त्या भांडणात जिंकलो तो मी.

आधी मी ट्रकवर होतो. पिंपं, पोती, एकदा तर कुणाचं आरशाचं कपाट, सगळं मी आवळून नेलं. ड्रायव्हर मला थोपटून म्हणायचा, "हा माझा तिसरा हात." त्याची गाठ अख्ख्या अड्ड्यावर नावाजलेली. ओढ बसेल तशी घट्ट होणारी. खड्डे येवोत, वळणं येवोत, माल इंचभर हलायचा नाही.

तीच गाठ त्याने फांदीला मारली. तीन वेढे, आणि वर हिसका. पण माल कसा, मुक्कामाला पोचला की दोर सुटतो. आणि पोतं काही दरवर्षी जाड होत नाही. फांदी होते. हे ना त्याला सुचलं, ना मला.

चिमणीने झोका घेतला तो काय घेतला! दप्तर फेकलं की आधी मी, मग जेवण. पण पोरं वाढतात. तिचे पाय जमिनीला घासायला लागले. मग ती शिकायला गेली, मग लग्न, मग दुसरं गाव. फळी कुजून पडली. ड्रायव्हर आपल्या फेऱ्यांवर. अंगणात कुणी आलंच तर कपडे वाळत घालायला, वर कोण बघतं! रिकाम्या झोक्याकडे बघून माणसं निदान हळहळतात. नुसत्या दोराला कुत्रं विचारत नाही.

मग साल हळूहळू माझ्यावर चढायला लागली. मला वाटलं, चला, कुणीतरी कुशीत घेतंय. इतक्या वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता हो! वेड्यासारखा खूश होतो. माझ्या पलीकडे फांदी सुजतेय, टोकाची पानं बाकीच्यांच्या आधी पिवळी पडतायत, हे दिसत होतं मला. मला सोडता येत नव्हतं, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, सोडावंसं वाटलंही नाही.

आज सकाळी चिमणी आली, कडेवर पोर घेऊन. म्हातारा झालेला ड्रायव्हर "नातीला झोका बांधतो" म्हणत शिडी लावून त्याच फांदीवर नवा दोर टाकायला लागला. तेवढ्यात फाटकातून मेहुण्याचा आवाज आला.

"दाजी, थांबा! तिला बसवू नका त्याच्यावर!"

"का रे? जुनी गाठ अजून सुटलेली नाही, बघ."

"हेच तर दुखणं आहे. हात लावून बघा, गाठ सापडते का."

ड्रायव्हरने चाचपलं. सालच साल. गाठ झाडाच्या पोटात गेलेली. तो शिडीवरच बसला.

"मी जीव लावून बांधलं होतं रे."

"माहितीय. पण फांदीला वाढायला जागा नाही ठेवलीत. गळा आवळलाय तिचा."

"मामा, वाचेल का ती?" चिमणीने विचारलं.

"बघू. दोर उपटू नका, साल सोलून निघेल. बाहेर दिसतो तेवढा कापा, आतला राहू दे. आणि हिच्यावर आता टॉवेलसुद्धा टाकायचा नाही. झोका पलीकडच्या जाड फांदीला, खोडापासून लांब. आरपार बोल्ट, आणि लाकूड फुगेल म्हणून नटाशी जागा."

ड्रायव्हरने नवा दोर खाली टाकून दिला. मग म्हणाला, "पाड बाबा भोक."

मित्रांनो, झोके बांधा, झाडावर घरंसुद्धा बांधा. पण झाडाला दोर आवळू नका. फळ्या खोडाला चिकटवू नका, त्याला डुलायला फट ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी मान वर करून बघा. एवढं कुणी केलं असतं तर ही पाळी आलीच नसती, मला राग येतो तो त्याचाच.

ड्रायव्हरने ब्लेड काढलंय. दुसरा तळवा माझ्यावर टेकलाय, अठरा वर्षांनी. एक पेड तुटला. माझा आतला तुकडा फांदीपाशीच राहील, पण तो काही बोलायचा नाही. दुसरा तुटला. टोकाला हिरवं पान आलं की नाही, ते तुम्हीच बघा. मला आता निघायला हवं.