न लावलेलं कुंकू

डोळे मिटून बसा म्हटलं की पार्बताबाई आधी पेंगायच्या, मग घोरायच्या, आणि शेजारणीने कोपराने ढोसलं की "जागीच हाय व मी" म्हणून ताठ व्हायच्या. अमरावतीत त्यांच्या कॉलनीत मारुतीच्या देवळामागे एक सभागृह आहे. तिथे सकाळी गीतांजली नावाची मुलगी योग शिकवायची. पार्बताबाई गुडघ्यांसाठी जायला लागल्या होत्या. गुडघे होते तसेच राहिले, पण सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं, याची सवय लागली.

एके दिवशी गीतांजलीने आसनं लवकर आटोपली.

"योगशास्त्र सांगतं, मनात जे उठतं ते पाच तऱ्हांचं," ती म्हणाली. "खरं ज्ञान. चुकीचं ज्ञान, त्याला विपर्यय म्हणतात. नुसती कल्पना. झोप. आणि आठवण. आज एखादा जुना राग समोर घ्या. त्याच्याशी भांडू नका, त्याला हाकलूही नका. फक्त बघा, यातलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि आपण वरून चढवलेलं किती."

"अन् झोप आली तं?" पार्बताबाईंनी विचारलं.

"आजी, तिला आजच्या दिवस सुट्टी द्या."

सगळ्या हसल्या. पार्बताबाईंनी डोळे मिटले. राग काही शोधावा लागला नाही, तो आदल्या संध्याकाळीच फोनवरून घरात आला होता. त्यांची मुलगी आरती अकोल्याला राहते. आरतीच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न ठरलं होतं आणि आरती फोनवर रडकुंडीला आली होती. "लीलामावशी म्हणते, तुझी आई स्वतः अक्षत घेऊन माझ्या दारी आली तरच लग्नाला येईन. आई, तिनं मला सासरी पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. ती मांडवात नसेल तर मला ते लग्न गोड लागणार नाही."

लीलाबाई म्हणजे पार्बताबाईंची धाकटी बहीण. आरतीचा नवरा लीलाबाईंच्या मोठ्या दिराचा मुलगा, म्हणजे आरती मावशीच्याच घराण्यात पडलेली. आणि आरतीच्या लग्नापासूनच या दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. बारशी झाली, वास्तुशांती झाली, दर वेळी एक बैठकीत तर दुसरी स्वयंपाकघरात.

दोघींचं माहेर शेंदूरजनाघाटचं. बापाची संत्र्याची बाग होती. तोडणीच्या दिवसांत बागेत संत्र्यांचे ढीग पडत आणि दोघी बहिणी ढिगापाशी बसून लहानमोठं फळ निवडत. लीलाचा हात चपळ. पार्बताच्या ढिगात चुकून डागी फळ गेलं तर बाप ओरडायच्या आधी ती ते गुपचूप उचलून स्वतःच्या परकरात लपवायची. अशी बहीण पुढे असं वागेल असं कोणाला वाटलं असतं?

पार्बताबाईंनी गीतांजलीने सांगितलं तसं करून पाहिलं. डोळ्यांनी काय पाहिलं? अमरावतीचा मांडव. आरतीच्या अंगाला हळद. नवरदेवाकडचे सगळे आदल्या दिवशीच आलेले, एकट्या लीलाबाई अकोल्यात मागे थांबल्या होत्या, कारण सासू मनकर्णाबाई अंथरुणाला खिळलेली. मग दुपारी लीला मांडवाच्या दाराशी दिसली. पार्बताबाई कुंकवाचा करंडा घेऊन धावल्या, बोट पुढे केलं, आणि लीला मागे सरकली. कुंकू लावून घेतलं नाही. पाणी घेतलं नाही. आरतीकडे एकटक पाहिलं, वळली, निघून गेली. एवढंच पाहिलं.

बाकीचं? लीलाची स्वतःची मुलगी आरतीहून मोठी आणि तेव्हा बिनलग्नाची घरात बसलेली होती. म्हणून तिच्या पोटात दुखलं. महिन्याच्या अडचणीची असेल, असं कोणी तरी म्हणालंही. पण अडचणीची बाई लग्नाला येईलच कशाला? "डोयात सलत असंन तं याचं कशाले?" असं पार्बताबाई तिच्या पाठीमागून, चार बायकांदेखत, मोठ्याने बोलल्या होत्या. पोटात दुखलं, हे डोळ्यांनी पाहिलं होतं का? नाही. पण ते पाहिलेल्यापेक्षाही स्पष्ट आठवत होतं.

आणि तेवढ्यात एक भलतीच गोष्ट समोर आली. लीलाचे केस ओले होते. ऐन थंडीत, डोक्यावरून न्हाऊन आल्यासारखे, पाठीवर चिकटलेले.

पार्बताबाईंनी खाडकन डोळे उघडले. हे कुठून आलं? इतकी वर्षं ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली, त्यात ओले केस कधीच नव्हते. वर्ग सुटल्यावर त्यांनी गीतांजलीला गाठलं.

"मले एक सांग पोरी. हे आठवण म्हनाची का कल्पना?"

"मला कसं कळणार, आजी? दोन्ही आतून सारख्याच दिसतात."

"मंग डोये मिटून काय उपेग झाला?"

"ज्याची खात्री होती त्याची खात्री राहिली नाही. हेच ते," गीतांजली म्हणाली आणि चटया गोळा करायला लागली.

पार्बताबाईंना ते काही पटलं नाही. खात्री होती तोवर बरं होतं. निदान रात्री कोणावर चिडून झोपावं हे ठाऊक होतं. दोन दिवस त्यांच्या हातून भाजी खारट झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी अक्षतांची पुडी पिशवीत घातली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

लीलाबाईंचे पती पंजाबराव ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी "या ताई" म्हटलं आणि चकित होऊन आतलं दार दाखवलं. लीलाबाई आत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"रस्ता चुकली का व?"

"अक्षत द्याले आली. पन आंधी एक विचारतो. आरतीच्या लग्नात तू आली तवा तुये केस ओले होते का?"

लीलाबाईंनी हातातली शेंग टाकली. त्या उठल्या, ओसरीचं दार लोटून आल्या आणि बहिणीच्या अगदी जवळ बसल्या.

"हळू बोल. ते बाहीर हायेत. आता काहून विचारून राहिली? तुले तं माहीतच हाय."

"मले काय माहीत हाय? मले ओल्या केसापलीकडं काईच माहीत नाही!"

लीलाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्या दिवशी पहाटे बुढी गेली," त्या म्हणाल्या. "मायी सासू. घरात मी एकटी. शेजारनीले मयताजवळ बसवलं, डोक्यावरून आंघोळ केली अन् तिच्या पोरायले बलावाले अमरावतीले आली. मांडवाच्या दाराशी आली तं समोर आरती. हळदीनं पिवळी. मी तोंड उघडलं असतं तं त्याच घडीले नवरदेवाच्या घरादाराले सुतक लागलं असतं. ऐकलं का लागते, ऐकलं नाही तोवर नाही. लगन तिथंच थांबलं असतं. आरतीच्या सासूच्या मनात ते सोयरीक पयलेपासून नव्हती, तिले तं निमितच पाह्यजे होतं. हळद लागलेली पोर घरात राह्यली असती, ताई. मंग मी तिथं कोनालेच नाही सांगितलं, परत जाऊन शेजारनीलेबी शपथ घातली. पन मले तं सुतक होतं ना? तुयं कुंकू कसं लावून घेऊ? तुयं पानी कसं पेऊ?"

मनकर्णाबाई वरात घरी पोचल्यावर गेल्या, असंच पार्बताबाईंनी इतकी वर्षं ऐकलं होतं.

"अन् यायले?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "त्यायची माय होती ते."

"नाही सांगितलं. माय घरात मरून पडली अन् आपन वरातीत नाचलो, हे माहीत झालं तं मानूस जगंन का? वरात घरी आली तवा म्हनलं, आता गेली. नातवाच्या लग्नासाठी जीव धरून होती, म्हनलं. सारेजन आरतीच्या पायाले गुनाचे पाय म्हनाले लागले. मी बी म्हनू देल्लं."

"मले तं सांगाचं होतं!"

"तू कवा विचारलं? तू चार बायायत मले सुनावलं. मले वाटलं, मागून शेजारनीकडून तुले कयलं असंन, अन् सुतकाची बाई मांडवात आली म्हनून तू चिडली. म्हनून तू तोंड फिरवलं असंन."

म्हणजे हिनेही वरून चढवलंच होतं. पार्बताबाईंना हसू आलं. राग गेला होता, हे खरं. पण त्याच्या जागी काय ठेवायचं? बहिणीचे उपकार मानावेत, तर त्या उपकारांखाली एक बाई दिवसभर थंड पडून होती, आणि तिचा मुलगा पलीकडे खाटेवर बसला होता. हे बरोबर झालं की चूक? आपल्या मुलीचा संसार त्यावर उभा होता. त्यांना काहीच ठरवता येईना.

"आरतीले सांगशीन तं मायं मेलेलं तोंड पाहाशीन," लीलाबाई म्हणाल्या आणि शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

तेवढ्यात दार ढकलून पंजाबराव आत आले. दोघींना एकाच चटईवर पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"बोलल्या ना एकदाच्या? बरं झालं! ताई, खरं सांगू का, मायी माय असती तं तुमाले कवाच एका जागी बसवलं असतं. आरतीवर लई जीव होता तिचा. तिचं लगन लागेस्तोर बुढीनं जीव नाही सोडला. खोटं हाय का? सांगा तुमीच."

लीलाबाईंचे हात थांबले. पार्बताबाईंनी बहिणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पंजाबरावांना काही तरी दिसलं असतं.

"खरंच हाय," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "तिच्या पुण्याईनंच आरतीचं बरं झालं."

मग पुडी सोडून त्यांनी अक्षता आधी पंजाबरावांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या कपाळाला लावल्या, आईच्या आठवणीने डोळे पुसले आणि चहा मांडायला सांगितलं. पार्बताबाई उठून चुलीशी गेल्या. साखरेचा डबा त्यांना दिसेना. लीलाबाईंनी मागून हात लांबवून फळीवरचा डबा काढून दिला.